सहा मीटर पाऊस आणि एप्रिलचा झरा

मे महिन्यात महाबळेश्वरला सुट्टीसाठी आलेली मंडळी लिंगमळ्याचा धबधबा पाहायला आवर्जून जातात आणि बरीचशी हिरमुसून परततात. फोटोत पाहिलेला सुमारे ५०० फुटांचा पांढराशुभ्र प्रपात जागेवर नसतो. काळ्या कातळावरून एखादी बारीक धार उतरत असते, कधी कधी तीही नाही. ही वेण्णा नदी. जुलैत याच ठिकाणी पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मग तीच मंडळी क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात जातात. काळ्या पाषाणाचं देऊळ, आत गारवा, आणि गोमुखातून कुंडात पडणारं पाणी. भर मे महिन्यात ही धार चालू असते. डोंगर एकच आहे, पाऊसही एकच पडला आहे. तरी एका जागी नदी आटते आणि काही किलोमीटरवर झरा वाहत राहतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सहा हजार मिलिमीटर म्हणजे सहा मीटर. हे पाणी पडल्या जागी साचून राहिलं असतं तर दुमजली घर त्यात बुडालं असतं. तरी मार्च उजाडला की डोंगरमाथ्याच्या वाड्या-वस्त्यांवर पाण्याची चिंता सुरू होते. एवढं पाणी जातं कुठं, आणि जे थोडं राहतं ते कशामुळे राहतं?

वारा वर चढतो म्हणून

क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढं ऑर्थर सीट हे टोक आहे. तिथं कड्यावरून बाटलीचं बूच किंवा पान खाली टाकलं तर ते पुन्हा वर येतं, हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. (खेळ म्हणून पानच टाकावं. प्लॅस्टिक शेवटी खाली सावित्रीतच जातं.) पान वर येतं, कारण कोकणातून आलेला वारा त्या उभ्या कड्यावर आदळून वर चढत असतो. महाबळेश्वरचा पाऊस घडवणारी गोष्ट हीच आहे.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्पानं जड झालेला वारा येतो. कोकणपट्टी तो फारशी उंची न गाठता पार करतो. सह्याद्रीशी आला की त्याला थोड्याशा अंतरात १३०० ते १४०० मीटर चढावं लागतं. वर हवेचा दाब कमी असल्यानं वारा फुगतो, फुगला की थंड होतो, आणि थंड हवेला तेवढं बाष्प धरून ठेवता येत नाही. ते ढग होऊन तिथंच गळतं. कडा ओलांडून वारा पूर्वेला उतरू लागला की उलट घडतं: तो तापतो आणि कोरडा होतो. म्हणून रस्त्यानं जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आलं की सात-आठशे मिलिमीटरवर येतो.

हा पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. एकट्या जुलैत दोन मीटर पडणं इथं नवलाचं नाही. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाईत वर्षभरात जे पडतं, त्याचा बराच मोठा भाग इथं एका दिवसात पडला.

माथ्यावर जांभा, पोटात काळा कातळ

आता डोंगराकडे पाहू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरणारा रस्ता भूशास्त्रज्ञांना फार प्रिय आहे. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांना त्यांनी जी नावं दिली, त्यांत ‘पोलादपूर’, ‘आंबेनळी’ आणि ‘महाबळेश्वर’ ही नावं याच उतारावरची आहेत. जगभरच्या शोधनिबंधांत आपल्या घाटाचं नाव दगडाच्या थराचं नाव म्हणून वाचायला मिळतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. या एका घाटात त्या थरांची हजार मीटरहून अधिक जाडी उघडी पडलेली दिसते.

थिजताना प्रत्येक थर सगळीकडे सारखा झाला नाही. मधला भाग घट्ट आणि कठीण झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि तो सच्छिद्र राहिला. एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत काही ठिकाणी बराच काळ गेला. तेवढ्यात वरचा भाग कुजून त्याची तांबडी माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. घाटात काळ्या दगडांच्या मधून विटकरी रंगाचा जो पट्टा जाताना दिसतो, तो हा. पाण्याच्या दृष्टीनं या पट्ट्याला महत्त्व आहे, कारण त्यातून पाणी सहज खाली उतरत नाही. ते त्याच्यावरून आडवं सरकतं आणि जिथं डोंगराची बाजू उघडी असेल तिथं बाहेर पडतं. पावसाळ्यात एखाद्या कड्याच्या मध्यावर, एकाच पातळीत ओळीनं पाणी ठिबकताना दिसलं, तर तिथं असा थर असण्याची शक्यता मोठी.

या सगळ्याच्या वर, अगदी माथ्यावर, जांभा आहे. हा दगड वेगळा आलेला नाही. वरचा काळा दगडच उष्ण हवेत लाखो वर्षं भिजत आणि वाळत राहिला. त्यातले विरघळणारे घटक पावसानं धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून तो तांबडा, म्हणून त्याला जाळी पडलेली. पाचगणीचं टेबललँड हाच जांभा. ते पठार आणि महाबळेश्वरचा माथा पूर्वी एकाच सलग सपाटीचे भाग होते. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांनी ती सपाटी कापून काढली.

जांभ्याच्या जाळीत पाणी शिरतं. त्याच्या तळाशी मात्र अर्धवट कुजलेल्या दगडाची चिकणमाती असते आणि तिच्याखाली घट्ट काळा कातळ. तिथं पाण्याची वाट अडते. माथ्यावरचे बहुतेक जिवंत झरे या सांध्यावर आहेत: वर जांभा, खाली चिकणमाती, आणि दोन्हींच्या मधून बाहेर येणारं पाणी.

ओढ्यात दोन पाणी असतात

डोंगरी ओढा पाहताना आपल्याला एकच प्रवाह दिसतो. खरं तर त्यात दोन वेगवेगळी पाणी मिसळलेली असतात.

पहिलं घाईचं पाणी. जूनच्या पहिल्या पावसात माती कोरडी असते, त्यामुळे पडेल तेवढं ती पिते. ओढा पहिल्या दिवशी वाहू लागत नाही तो यामुळेच. महिना संपेपर्यंत माती भरते. त्यानंतर पडलेल्या पावसाला आत शिरायला जागा नसते. तो उतारावरून घरंगळतो, ओहोळात येतो, ओहोळातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. माथ्यावर पडलेला थेंब काही तासांत लिंगमळ्याच्या कड्यावरून खाली गेलेला असतो. सहा मीटरांतला मोठा हिस्सा या वाटेनं जातो. पाऊस थांबला की हे पाणीही थोड्याच दिवसांत ओसरतं.

दुसरं सावकाश येणारं पाणी. जांभ्याच्या जाळीत, मातीत, सच्छिद्र दगडात, भेगांत जे मुरलं ते. घरी श्रीखंडासाठी चक्का करताना दही फडक्यात बांधून टांगतात, तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. बांधल्या बांधल्या पाण्याची धार लागते. थोड्या वेळात ती थेंबांवर येते. मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं, तरी सकाळपर्यंत खालच्या भांड्यात काही ना काही पडत राहतं. वरून कोणी नवं दही घातलेलं नसतं. आतलंच पाणी आपल्या गतीनं निथळत असतं. पावसाळा संपल्यावर डोंगर असाच निथळतो. ऑक्टोबरमध्ये झरे भरून वाहतात, डिसेंबरला निम्मे होतात, मार्चमध्ये करंगळीएवढे उरतात. दही किती होतं आणि फडकं कसं होतं यावर चक्क्याचं पाणी किती वेळ गळेल हे ठरतं. डोंगराच्या बाबतीत जांभ्याची जाडी, त्याच्या वरचं क्षेत्र, मातीची खोली आणि उतार या गोष्टी ते ठरवतात.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येता येतं. मे महिन्यातल्या पंचगंगेच्या धारेत फक्त सावकाश पाणी आहे. तिच्यामागे उंच सलग माथा आहे, आणि झरा मुळात लहान असल्यानं तेवढ्यावर त्याची भूक भागते. लिंगमळ्याच्या धबधब्याचं जुलैतलं रूप हे बहुतांशी घाईच्या पाण्याचं रूप. उन्हाळ्यात त्याच्याही वाट्याला झऱ्यांचंच पाणी येतं, पण ते लोकांसाठी वरती तळ्यात अडवलेलं असतं, शेतं आणि विहिरी ते वाटून घेतात, आणि एवढ्या रुंद कातळावर उरलेली धार नजरेत भरत नाही.

---

चौकट : वेण्णेची ओळख

उगम: महाबळेश्वरचा माथा. श्रद्धेनुसार पंचगंगा मंदिरातल्या कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांपैकी एक.

वेण्णा तलाव: साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधवला.

वाट: वेण्णा तलाव, लिंगमळ्याचा कडा, जावळी तालुक्यातलं मेढा, कण्हेर धरण.

संगम: साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत.

---

तळं वर, कडा खाली

वेण्णा तलावात नाव वल्हवताना आपण डोंगरमाथ्यावर आहोत याचा विसर पडतो. दरी उथळ, पसरट, नदी संथ. तिथून थोडं खाली गेलं की तीच नदी कड्यावरून कोसळते. नदीची एकाच ठिकाणी अशी दोन रूपं का?

वरची उथळ दरी त्या जुन्या सपाटीचा भाग आहे. तिथं उतार कमी, म्हणून पाण्याला जोर कमी, म्हणून तळं बांधायला जागा मिळाली. खालून वर नदी आपली दरी खोदत येते आहे आणि ती अजून इथवरच पोचली आहे. कठीण काळ्या थराच्या काठाशी तिचं काम मंदावतं. खालचा मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढं आलेला राहतो, मग एक दिवस त्याचा तुकडा निखळून पडतो आणि धबधबा हातभर मागे सरकतो. लिंगमळ्याच्या पायथ्याशी पडलेले प्रचंड धोंडे असेच वरून आलेले.

दक्षिणेच्या अंगाला धोबी धबधबा आणि चायनामन धबधबा आहेत. त्यांचं पाणी वेण्णेकडे येत नाही, ते कोयनेच्या खोऱ्यात उतरतं. गावातल्या एका रस्त्याच्या दोन बाजूंना पडलेले दोन थेंब इथं दोन वेगळ्या नद्यांचे होऊ शकतात. वेण्णेचा थेंब कृष्णेला माहुलीला भेटतो. कोयनेचा थेंब आधी सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे जातो, हेळवाकजवळ पूर्वेला वळतो आणि कृष्णेला थेट कराडच्या प्रीतिसंगमावर गाठतो.

सावित्री इतकी वेगळी का

पंचगंगेतल्या वेण्णा आणि कोयना यांचं पाणी शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जातं. सावित्री मात्र पश्चिमेला वळते आणि अरबी समुद्राला मिळते. सह्याद्रीचा माथा ही पाणी वाटणारी धार आहे, आणि इथं ती धार विलक्षण अरुंद आहे. ऑर्थर सीटवर उभं राहिलं की सावित्रीची दरी पायाखाली दिसते, आणि कृष्णेच्या खोऱ्याचा वरचा भाग पाठीशी अगदी जवळ असतो.

कृष्णेला समुद्र गाठायला सुमारे १४०० किलोमीटर जायचं आहे. तिची १३०० मीटरची उतरण एवढ्या लांबीवर पसरली आहे. सावित्री तेवढीच उंची महाडपर्यंत, म्हणजे सरळ रेषेत तीसेक किलोमीटरांत, संपवते. पाणी जितक्या वेगानं उतरतं तितकं ते जास्त खोदतं आणि मोठे दगड वाहून नेऊ शकतं. म्हणून पश्चिमेचे कडे उभे आणि भेसूर, पूर्वेच्या दऱ्या त्या मानानं रुंद. पश्चिमेचे ओढे डोंगर मागे मागे कोरत येतात आणि पाणी वाटणारी धार भूशास्त्रीय काळात हळूहळू पूर्वेला सरकत राहते.

याची दुसरी बाजू महाडकर जाणतात. घाईचं पाणी सावित्रीकडे गेलं की त्याला पसरायला वेळ मिळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहनांसह कोसळला. जुलै २०२१ मध्ये वर ज्या पावसाचा उल्लेख आला, त्याच दिवसांत महाड शहर पाण्याखाली गेलं आणि तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली. डोंगरउतारावरची माती पाण्यानं पूर्ण भरली की तिचं वजन वाढतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. एप्रिलमध्ये झरा चालू ठेवणं आणि जुलैत उतार खाली आणणं, ही दोन्ही कामं जमिनीत शिरलेल्या पाण्याचीच. कुठल्या उतारावर पाणी मुरवावं आणि कुठून ते सुरक्षित वाट देऊन बाहेर काढावं, हे प्रत्येक डोंगराला वेगवेगळं विचारावं लागतं.

सड्यावरची फुलं

जांभा नेहमी पाणी पितोच असंही नाही. मोकळ्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, त्याचा वरचा पापुद्रा उन्हानं टणक झालेला असतो. कासचं पठार त्याचं उत्तम उदाहरण. वेण्णेच्या खोऱ्याच्या दक्षिणेच्या डोंगररांगेवर ते आहे, आणि पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत त्याचा समावेश आहे. तिथं मातीचा थर काही बोटांचा. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहतं, पाऊस संपला की भराभर वाळतं. एवढ्या थोड्या काळात उगवून, फुलून, बी धरून मोकळं होणाऱ्या वनस्पतींनाच तिथं जागा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळं पठार एकदम रंगतं ते म्हणून.

सततच्या पावसानं मातीतलं पोषण धुऊन नेलेलं असतं. त्यावर काही वनस्पतींनी आपला मार्ग काढला आहे. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं आपण कौतुकानं पाहतो. त्या झाडाला जमिनीखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. दवबिंदू ही वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांत किडे धरते. सड्यावरच्या पावसाची गोष्ट या दोन झाडांइतकी नेमकी दुसरं कोणी सांगत नाही.

झाडी असलेल्या माथ्यावर चित्र निराळं. जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा अशा झाडांची बुटकी, दाट राई, खाली पाचोळा, मधे कारवी. पानं पावसाचा मार अंगावर घेतात, पाचोळा पाण्याचा वेग मोडतो, मुळांनी केलेल्या वाटांतून पाणी खाली उतरतं. घाईचं पाणी थोडंसं सावकाश होतं. जंगल पाऊस निर्माण करतं की नाही यावर वाद घालता येईल, पण पडलेल्या पावसाला जमिनीत शिरण्याइतकी उसंत ते देतं हे कुठल्याही राईतला पाचोळा बाजूला सारून पाहिलं तरी कळतं.

झरा कशानं आटतो

झरा दिसतो तिथं राखला जात नाही, हे मला या लेखात सगळ्यांत आग्रहानं सांगायचं आहे. कुंडाला कठडा घातला, फरशी बसवली, पाटी लावली. तरी त्याचं पाणी जिथून मुरतं तो सडा किंवा ती राई वर कुठं तरी अर्ध्या किलोमीटरवर असते. तिथं फरसबंदी झाली, उतार सपाट करून इमारत आली किंवा वाहनांनी जमीन दाबून टणक केली, तर मुरणारं पाणी घाईच्या वाटेला लागतं. जुलैत ओढा अधिक गढूळ आणि दांडगा वाहतो, आणि एप्रिलमध्ये लवकर संपतो. पूर वाढणं आणि टंचाई वाढणं या एकाच बदलाच्या दोन खुणा आहेत.

दुसरं कारण बोअरवेल. झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या थरात वरच्या बाजूला बोअर घेतली की पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाखाली जाते. थरात पाणी असतं, पण झरा बंद पडतो. देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात पिकते. तिची लागवड पावसाळा सरताना होते आणि फळ हिवाळाभर, उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत निघतं. म्हणजे तिला पाणी हवं असतं ते नेमकं डोंगर निथळत असतानाच्या महिन्यांत. ठिबक आणि आच्छादनाचा कागद यांमुळे शेतकऱ्यांनी ती गरज खूप कमी केली आहे. पर्यटकांचा हंगाम आणि त्यांच्यासाठी लागणारं पाणीही त्याच महिन्यांतलं. २००१ मध्ये केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. माथ्यावरच्या बांधकामांना त्यानं मर्यादा आल्या, आणि त्या मर्यादांची गरज वर सांगितलेल्या जांभ्याच्या सांध्यामुळे आहे.

झऱ्याचं क्षेत्र शोधताना आणखी एक खाचखळगा असतो. पाणी जमिनीच्या उतारानं मुरून येतंच असं नाही, ते आतल्या थराच्या कलानं येतं. थर जरा पूर्वेकडे कललेला असेल तर पूर्वेच्या झऱ्याचं पाणी धारेच्या पश्चिम अंगाला मुरलेलं असू शकतं. त्यामुळे झऱ्याच्या डोक्यावरच खड्डे आणि चर खणले की काम झालं, असं होत नाही. आधी दगड वाचावे लागतात. भूजलावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’सारख्या संस्थांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन असं वाचन करण्याची पद्धत रुजवली आहे.

त्या वाचनाचा एक भाग कुठल्याही वाडीला स्वतः करता येतो. मापाची बादली झऱ्याच्या धारेखाली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा, त्याच जागी. धार दोन महिन्यांत निम्मी होत असेल तर मागचा साठा मोठा आहे. पंधरवड्यातच निम्मी झाली तर झरा उथळ आहे आणि उन्हाळ्यासाठी त्यावर विसंबता येणार नाही. टंचाई जाणवू लागल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ही नोंद सुरू करून फारसं हाती लागत नाही, कारण तोवर बरंचसं पाणी निथळून गेलेलं असतं. पाऊस थांबला की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पहिली बादली भरावी.